हायब्रीड एसयूव्ही कोणत्या कुटुंबाला परवडते?

नवी मोटार घेताना भारतीय कुटुंबासमोर पूर्वी पेट्रोल की डिझेल एवढाच प्रश्न असे. गेल्या काही वर्षांत सीएनजी, वीज आणि हायब्रीड या पर्यायांची त्यात भर पडल्यामुळे हा निर्णय बराच गुंतागुंतीचा झाला आहे. २०२२ मध्ये मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या दोन भगिनी-गाड्या बाजारात आल्या आणि तोवर प्रामुख्याने महागड्या सेदान मोटारींपुरते मर्यादित असलेले पूर्ण हायब्रीड तंत्रज्ञान मध्यम आकाराच्या कौटुंबिक एसयूव्हीत प्रथमच उपलब्ध झाले. कर्नाटकातील बिदडी येथील टोयोटाच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाड्यांच्या हायब्रीड आवृत्तीचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. हा आकडा ग्राहकाला साहजिकच आकर्षित करतो. तथापि त्यासाठी मोजावी लागणारी जादा किंमत इंधनाच्या बचतीतून भरून निघते का, या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या आकड्यात सापडत नाही. ते गाडी कोणत्या रस्त्यावर, वर्षाला किती आणि किती वर्षे चालणार आहे, यावर अवलंबून असते.

माइल्ड आणि स्ट्राँग यांतील भेद

हायब्रीड हा शब्द बाजारात दोन अगदी भिन्न यंत्रणांसाठी वापरला जातो आणि ग्राहकाची पहिली गल्लत तेथेच होते. माइल्ड हायब्रीड गाडीत इंजिनाला पट्ट्याने जोडलेले एक छोटे यंत्र असते, जे वीजनिर्मितीही करते आणि स्टार्टरचेही काम करते. सिग्नलला थांबल्यावर बंद झालेले इंजिन ते चटकन सुरू करते आणि वेग घेताना इंजिनाला किंचित मदत करते. मात्र केवळ विजेवर गाडी पुढे नेण्याची क्षमता त्यात नसते. ग्रँड व्हिटाराच्या साध्या पेट्रोल आवृत्तीत हीच व्यवस्था आहे, त्यामुळे त्या गाडीला हायब्रीड म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चुकीचे नसले, तरी तिच्याकडून फार मोठ्या इंधनबचतीची अपेक्षा ठेवणे योग्य ठरत नाही.

स्ट्राँग, म्हणजे पूर्ण हायब्रीड गाडीत पेट्रोल इंजिनाबरोबर स्वतः चाके फिरवू शकणारी विद्युत मोटर आणि तिला वीज पुरवणारी उच्च दाबाची बॅटरी असते. वर उल्लेखिलेल्या गाड्यांत दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन सुमारे ९२ अश्वशक्ती आणि मोटर सुमारे ८० अश्वशक्ती निर्माण करते. दोहोंची कमाल शक्ती एकाच वेळी उपलब्ध होत नसल्यामुळे एकत्रित शक्ती सुमारे ११६ अश्वशक्ती इतकी भरते. इंजिन, वीजनिर्मिती करणारे जनित्र आणि चाके फिरवणारी मोटर हे तीन घटक ग्रहचक्री दंतचक्रांच्या एका संचाने परस्परांशी जोडलेले असतात आणि कोणत्या क्षणी कोणाकडून किती शक्ती घ्यायची, हे संगणक ठरवतो. या रचनेमुळे क्लच, पायरी-पायरीने बदलणारे गियर आणि वेगळा स्टार्टर यांची आवश्यकता उरत नाही. १९९७ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या प्रियस या मोटारीपासून टोयोटा हीच मूळ संकल्पना सुधारत आली असल्यामुळे हे तंत्रज्ञान नवखे नाही.

या गाडीला बाहेरून चार्जिंग करण्याची सोय नसते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिची बॅटरी अवघी ०.७६ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरगुती विजेच्या एका युनिटपेक्षाही कमी क्षमतेची असते. याउलट पूर्णतः विजेवर चालणाऱ्या त्याच आकाराच्या मोटारीत ४५ ते ६० किलोवॅट-तासांची बॅटरी असते. हायब्रीडमध्ये मोटर फिरवणारी वीज शेवटी पेट्रोलपासूनच तयार झालेली असते, त्यामुळे ही गाडी काही काळ आवाज न करता विजेवर धावत असली, तरी तिचा ऊर्जास्रोत एकच आहे आणि तो पेट्रोलपंपावर मिळतो.

बचत नेमकी कोठून होते

ऊर्जेचा स्रोत एकच असताना इंधन वाचते कसे, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर तीन कारणांत सामावलेले आहे. पहिले कारण ब्रेकशी संबंधित आहे. साध्या गाडीचा ब्रेक दाबला, की तिची गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलून वाया जाते. हायब्रीड गाडीत त्या वेळी मोटर उलट भूमिका घेऊन जनित्रासारखी चालते, चाकांचा वेग कमी करते आणि त्यातून निर्माण होणारी वीज बॅटरीत साठवते. दुसरे कारण असे, की पेट्रोल इंजिन अतिशय कमी भारावर, म्हणजे रांगत्या वाहतुकीत किंवा थांबलेल्या अवस्थेत, सर्वाधिक अकार्यक्षम असते आणि नेमक्या त्या काळात हायब्रीड गाडी इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. तिसरे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८८२ मध्ये मांडलेल्या चक्रावर ते बेतलेले असते. त्यात हवा आत घेणारी झडप अधिक काळ उघडी ठेवून वायूच्या संपीडनापेक्षा प्रसरणाला जास्त वाव दिला जातो, ज्यामुळे इंधनातील उष्णतेचा अधिक मोठा भाग कामी येतो. अशा इंजिनाला आरंभीचा जोर कमी असतो, पण ती उणीव मोटर भरून काढते.

या तिन्ही कारणांचा एकत्रित विचार केला, तर हायब्रीडचा लाभ थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत सर्वांत मोठा का असतो, हे स्पष्ट होते. हिंजवडीकडे जाणारा पुण्यातील रस्ता किंवा मुंबईचा पश्चिम द्रुतगती मार्ग गर्दीच्या वेळी जी परिस्थिती निर्माण करतो, तीच या यंत्रणेला सर्वाधिक अनुकूल असते. गाडीतील एसी विजेवर चालत असल्यामुळे बॅटरीत वीज असेपर्यंत कोंडीतही इंजिन बंद राहू शकते. याउलट समृद्धी महामार्गावर ताशी शंभर किलोमीटरच्या स्थिर वेगाने धावताना ब्रेकचा वापर जवळजवळ होत नाही, त्यामुळे परत मिळवण्यासारखी ऊर्जा उरत नाही. वेग वाढेल तसा हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो आणि त्यावर मात करण्याचा भार बहुतांशी इंजिनावरच पडतो.

घाटरस्त्यांची स्थिती या दोहोंपेक्षा वेगळी आहे. प्रवाशांसह सुमारे १,६०० किलो वजनाची गाडी बोरघाटासारख्या घाटात ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा उंचीमुळे तिच्यात साठलेली सव्वादोन किलोवॅट-तासांच्या आसपासची ऊर्जा मोकळी होते. तिचा काही भाग टायर आणि हवा यांच्या अवरोधात खर्च होतो आणि उरलेली ऊर्जाही एवढ्या छोट्या बॅटरीत मावत नाही. त्यामुळे लांब उतारावर बॅटरी लवकर भरते आणि त्यानंतर इंजिनाच्या अवरोधाने वेग रोखण्यासाठी दिलेल्या ‘बी’ या स्थितीचा वापर करणे हितावह ठरते. चढावर उलट अनुभव येतो. भरलेल्या गाडीला दीर्घ चढ चढवताना बॅटरी रिकामी होत जाते, तीन सिलिंडरचे इंजिन उच्च फेऱ्यांवर चालू लागते आणि त्याचा आवाज गाडीत जाणवतो. नियमितपणे पाच जण व सामान घेऊन सह्याद्री ओलांडणाऱ्या कुटुंबाने टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या परिसरात न घेता अशा चढावर घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

प्रमाणपत्रातील आकडा आणि लिटरचा हिशेब

गाड्यांचे ॲव्हरेज प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख असलेली एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुण्यातच आहे. ही चाचणी प्रत्यक्ष रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत फिरत्या रोलरवर गाडी उभी करून, ठरवून दिलेल्या वेगचक्रानुसार ती चालवली जाते. या चक्रातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि एसी बंद ठेवलेला असतो. वेगवेगळ्या गाड्यांची समान अटींवर तुलना करण्यासाठी ही पद्धत उपयुक्त आहे, परंतु तिच्यातून निघणारा आकडा कोणत्याही कुटुंबाच्या रोजच्या वापराचा आकडा नसतो.

लिटरला किती किलोमीटर या मोजमापातच एक फसवा भाग आहे. १,००० किलोमीटरच्या प्रवासात ॲव्हरेज १० वरून १५ वर गेले, तर ३३ लिटर पेट्रोल वाचते. तेच २० वरून २५ वर गेले, तर केवळ १० लिटर वाचते. दोन्ही ठिकाणी वाढ पाच किलोमीटरचीच असली, तरी खिशावर होणारा परिणाम तिपटीहून अधिक भिन्न आहे. त्यामुळे तुलना नेहमी १,००० किलोमीटरला लागणाऱ्या लिटरमध्ये करावी.

या पद्धतीने एक नमुना हिशेब मांडता येतो. शहरातील दाट वाहतुकीत साध्या पेट्रोल ऑटोमॅटिक एसयूव्हीला लिटरला १३ आणि तिच्या हायब्रीड आवृत्तीला २१ किलोमीटर, महामार्गावर अनुक्रमे १७ आणि २० किलोमीटर, आणि पेट्रोलचा दर लिटरला १०४ रुपये असे गृहीत धरले, तर शहरात दर १,००० किलोमीटरमागे सुमारे २९ लिटर, म्हणजे जवळपास ३,०५० रुपये वाचतात; महामार्गावर मात्र सुमारे ९ लिटर, म्हणजे ९२० रुपयांच्या आसपासच बचत होते. ग्रँड व्हिटारा प्रथम बाजारात आली, तेव्हा तुल्य दर्जाच्या ऑटोमॅटिक आणि हायब्रीड आवृत्त्यांच्या शोरूम किमतीतील अंतर अडीच लाखांहून थोडे अधिक होते आणि त्यात काही जादा सुविधांचाही वाटा होता. पुढे बदलत गेलेल्या किमती लक्षात घेऊन हे अंतर अडीच लाख धरले, तर ते भरून निघण्यासाठी शहरात सुमारे ८२ हजार किलोमीटर, तर निव्वळ महामार्गावर सुमारे २ लाख ७२ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागते. शहरात वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाची जादा रक्कम साडेपाच वर्षांत परत येते. वर्षाला ८ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी दहा वर्षे लागतात. आणि महामार्गावरच वर्षाला १५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला अठरा वर्षे, म्हणजे बहुधा गाडीच्या आयुष्यापेक्षाही अधिक काळ लागतो.

बहुसंख्य कुटुंबे कर्ज काढून गाडी घेतात, हेही या हिशेबात धरायला हवे. जादा अडीच लाख रुपये ९ टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे झाल्यास सुमारे ६१ हजार रुपये व्याज पडते आणि शहरातील परतफेडीचे अंतर ८२ हजारांवरून एक लाख किलोमीटरच्या पुढे सरकते. किंमत अधिक असल्यामुळे विम्याचा हप्ता वाढतो, आणि महाराष्ट्रात वाहनकर किमतीच्या टक्केवारीने आकारला जात असल्यामुळे तोही वाढतो.

करांचे धोरण

हायब्रीडची किंमत ठरण्यात सरकारी धोरणाचा वाटा मोठा आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड मोटारींवर २८ टक्के जीएसटी आणि १५ टक्के उपकर असा एकूण ४३ टक्के कर होता. त्याच आकाराच्या, दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या साध्या पेट्रोल गाडीवर तो ४५ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या रचनेत या दोन्ही गाड्या ४० टक्क्यांच्या एकाच टप्प्यात आल्या, त्यामुळे हायब्रीडला मिळणारी तुटपुंजी सवलतही संपली, तर पूर्ण विद्युत मोटारीवरील कर ५ टक्केच राहिला. राज्यांच्या पातळीवरही धोरण एकसारखे नाही. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रीड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्राने आपल्या विद्युत वाहन धोरणात सवलती दिल्या त्या पूर्णतः विजेवर चालणाऱ्या वाहनांना. याच महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगर येथे हायब्रीड आणि विद्युत मोटारींचा कारखाना उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे. जे तंत्रज्ञान दर १,००० किलोमीटरमागे शहरात २९ लिटर पेट्रोल वाचवू शकते, त्यावर साध्या पेट्रोल गाडीइतकाच कर आकारणे हे तेलाच्या आयातीवर अवलंबून असलेल्या देशाच्या हिताचे नाही.

टिकाऊपणा, डिकी आणि दुरुस्ती

बॅटरी निकामी झाली तर काय, ही भीती अनेक ग्राहकांना वाटते. मारुती आणि टोयोटा या दोन्ही कंपन्या हायब्रीड बॅटरीवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर वॉरंटी देतात. बॅटरी अगदी रिकामी किंवा अगदी पूर्ण भरलेली न ठेवता मधल्या टप्प्यात वापरली जात असल्यामुळे तिची झीज मंदावते. क्लच नसल्यामुळे तो बदलण्याचा खर्च टळतो आणि वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करत असल्यामुळे ब्रेकचे पॅड अधिक काळ टिकतात. बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची वाट सामानाने झाकली जाणार नाही आणि तिची जाळी सर्व्हिसिंगच्या वेळी स्वच्छ होईल, याची काळजी मात्र मालकाने घ्यायला हवी. उच्च दाबाच्या यंत्रणेची दुरुस्ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये करता येत नाही, त्यामुळे लहान गावात राहणाऱ्या कुटुंबाने जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे, हे आधी पाहावे.

कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत जाणवणारी तडजोड सामानाच्या जागेची आहे. बॅटरी डिकीच्या तळाखाली बसवल्यामुळे ग्रँड व्हिटाराच्या साध्या आवृत्तीत ३७३ लिटर असलेली जागा हायब्रीडमध्ये २६५ लिटरवर येते. गणपतीला पाच जणांचे सामान घेऊन कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला या शंभर लिटरांची उणीव निश्चितच भासते. दुसरीकडे, ४५ लिटरच्या टाकीत शहरातही नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापले जाणे, वारंवार पेट्रोलपंपावर न जावे लागणे आणि कोंडीत गाडी शांत व धक्क्याविना चालणे, या सोयींचे मोल पैशात मोजता येत नसले, तरी रोज दोन तास गाडीत घालवणाऱ्या व्यक्तीसाठी ते खरे आहे.

सीएनजी आणि वीज यांच्या तुलनेत

वरील सर्व हिशेब पेट्रोल ऑटोमॅटिक गाडीशी तुलना करून केला आहे. परंतु बाजारात आणखी दोन प्रतिस्पर्धी आहेत. हायब्रीड गाडीचा शहरातील इंधनखर्च १०० किलोमीटरला सुमारे ४९५ रुपये येतो. सीएनजीचा दर किलोला ८५ रुपये आणि ॲव्हरेज १८ ते २० किलोमीटर धरले, तर तोच खर्च ४२५ ते ४७० रुपये होतो आणि सीएनजी आवृत्तीची जादा किंमतही हायब्रीडपेक्षा पुष्कळ कमी असते. निव्वळ पैशाच्या हिशेबात सीएनजी पुढे आहे. तिच्या मर्यादा म्हणजे पंपावरच्या रांगा, चढावर कमी पडणारा जोर, ग्रँड व्हिटारासारख्या गाडीत तिला न मिळणारा ऑटोमॅटिक गियर आणि डिकी व्यापणारी टाकी. यांपैकी शेवटची अडचण २०२५ मध्ये आलेल्या व्हिक्टोरिस या गाडीत टाकी तळाखाली बसवून दूर करण्यात आली आहे.

विद्युत मोटार १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट वीज घेते. युनिटला १० रुपये धरले, तरी घरी चार्जिंग करणाऱ्याचा खर्च १५० रुपयांपलीकडे जात नाही. त्यामुळे ज्या कुटुंबाकडे हक्काची पार्किंगची जागा आणि तेथे चार्जरसाठी वीजजोडणी आहे, त्याने हायब्रीडपूर्वी विद्युत मोटारीचा विचार करणे शहाणपणाचे ठरते. पर्यावरणाच्या दृष्टीने हा फरक आज त्या मानाने कमी आहे. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून शहरात १०० किलोमीटरला साधी पेट्रोल एसयूव्ही सुमारे १८ किलो, तर हायब्रीड ११ किलो उत्सर्जन करते. भारतात वीज प्रामुख्याने कोळशापासून तयार होत असल्यामुळे प्रत्येक युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते आणि विद्युत मोटारीच्या वाट्याला साडेदहा किलो येतात. पेट्रोल शुद्ध करण्यात होणारे उत्सर्जन मिळवल्यास हायब्रीडचा आकडा आणखी वाढतो. विद्युत मोटार शहराच्या हवेत धूर सोडत नाही आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसे तिचे उत्सर्जन दरवर्षी घटत जाते. हायब्रीडच्या बाबतीत ती शक्यता पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलपुरतीच मर्यादित आहे.

निष्कर्ष

ज्या कुटुंबाची गाडी वर्षाला किमान १५ हजार किलोमीटर आणि तेही मुख्यतः शहरी वाहतुकीत चालते, ज्याला ऑटोमॅटिक गाडीच हवी आहे, ज्याच्याकडे घरी चार्जिंगची सोय नाही आणि जे गाडी सात-आठ वर्षे ठेवणार आहे, त्याच्यासाठी स्ट्राँग हायब्रीड एसयूव्ही आर्थिकदृष्ट्याही योग्य निवड आहे. वर्षाला १० हजार किलोमीटरपेक्षा कमी चालवणाऱ्यांनी, प्रामुख्याने महामार्गावर प्रवास करणाऱ्यांनी आणि तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्यांनी साधी पेट्रोल आवृत्ती घेऊन उरलेले दोन-अडीच लाख रुपये वाचवावेत. शोरूममध्ये जाण्यापूर्वी सध्याच्या गाडीचे तीन महिन्यांचे किलोमीटर आणि भरलेले पेट्रोल वहीत नोंदवावे, त्यांतील शहराचा व महामार्गाचा वाटा वेगळा करावा, आणि विक्रेत्याने दाखवलेल्या ॲव्हरेजऐवजी स्वतःच्या त्या नोंदींवर विसंबून निर्णय घ्यावा.